शेततळे आणि लांडग्याचे बीळ : उत्तर सोलापूर तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. ही सहाही जंगलाची किंवा डोंगराळ प्रदेशाची आहेत, माळरानाचे त्यांत एकही नाही. लांडगा हा उघड्या माळाचा, विरळ बाभळी-बोरींचा आणि ओढ्याकाठच्या घळींचा प्राणी असल्याने राज्यातील बहुतेक लांडगे राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेरच जन्मतात, वाढतात आणि मरतात. देशभरातील त्यांची संख्या २०२२ साली सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला होता, म्हणजे ती वाघांच्या संख्येच्या आसपासच भरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, दोघेही शेजारी असले, तरी सोलापूर जिल्ह्यात दोघांच्या वाट्याला येणारे लक्ष सारखे नसते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ येडशी-बार्शी भागात पोचला, तेव्हा महिनोन्‌महिने त्याचीच चर्चा होती; पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणाऱ्या लांडग्याची बातमी मात्र कोकरू गेल्यावरच होते.

सोलापूरकडच्या लांडग्याला जो काही कायदेशीर आसरा मिळाला, तो माळढोकाच्या निमित्ताने. सोलापूर-बार्शी रस्त्यावर सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या नान्नजचे माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावेच्या गावे, खासगी शेते, वस्त्या सगळे आले होते. पुढे दीर्घ न्यायालयीन प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणण्यात आले. मधल्या काळात जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवानगी, बांधकाम अशा प्रत्येक कामात लोकांना अडचणी आल्या. माळढोक आता क्वचितच दिसतो. पण ‘पक्षी आला आणि जमीन अडकली’ ही आठवण या भागातील घराघरात ताजी आहे. या प्रकरणातील बहुतेक निर्णय लांडग्यापेक्षा या आठवणीमुळे वळले, म्हणून ती आधी नोंदवणे आवश्यक वाटते.

ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, वर्ष आणि काही तपशील पुढील मांडणीत वगळले आहेत.

घटना

अभयारण्याच्या एका गवताळ वनखंडापासून साधारण दोन किलोमीटरवर एका द्राक्ष बागायतदाराने माळाचा एक तुकडा विकत घेतला होता. जमीन मुरमाड, एका कडेने ओढा आणि ओढ्याचा काठ पुरुष-दीड पुरुष उंच. या तुकड्यात शेततळे करून शेजारच्या बागेला पाणी द्यायचे आणि उरलेला भाग सपाट करून नवी लागवड करायची, असा त्याचा बेत होता. शेततळ्याच्या अनुदानाची पूर्वसंमती हातात होती आणि अशा पूर्वसंमतीला मुदत असते. वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात द्राक्षबाग सांभाळणाऱ्या माणसाची ही घाई समजण्याजोगी आहे.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या पूजेच्या सणाला, हेच कुटुंब पाहुण्यारावळ्यांसह या रानात आले होते. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील-भज्जीची पंगत उठली, पोरे संध्याकाळपर्यंत हुंदडली आणि तेवढ्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर लांडग्याची पिल्ले आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुढच्याच आठवड्यात पोकलेन लागला. काठाकडचा मुरूम ओढताना चालकाला बकेटच्या पुढे एक भोक दिसले आणि त्या भोकातून दोन काळपट तपकिरी पिल्ले लडखडत बाहेर आली.

यंत्र तासाच्या भाड्यावर होते. चालकाने कोणाला न विचारता इंजिन बंद केले, बूम मागे घेतला आणि मग मालकाला फोन लावला. या प्रकरणातला हा पहिला निर्णय. तो ज्याने घेतला त्याच्यावर तशी कोणतीच जबाबदारी नव्हती.

बीळ बहुधा साळिंदराचे जुने असावे. लांडग्यांनी ते उकरून मोठे केलेले होते. तोंडाशी मेंढीच्या लोकरीचे पुंजके, कोकराच्या नडगीचे हाड आणि चावून चावून चाळण झालेली रबरी चप्पल पडलेली होती. आत एकूण पाच पिल्ले होती. डोळे उघडलेले, पाय अजून न सावरलेले, म्हणजे वय अंदाजे तीन आठवडे. भारतीय लांडग्याची वीण मुख्यत्वे हिवाळ्यात होते आणि पिल्ले दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत बिळाच्या आसऱ्याने राहतात. हा हिशेब धरला तर जागा फेब्रुवारीअखेरपर्यंत अडणार होती.

प्रश्न कुठे कुठे अडला

शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला. वनरक्षक पोचेपर्यंत दीड तास गेला आणि तेवढ्या वेळात ‘बिबट्याची पिल्ले सापडली’ अशा मजकुराची चित्रफीत तीन गावांत फिरली होती. ठिपक्यांचा मागमूस नसलेल्या या पिल्लांना बिबट्या कोणी ठरवले कोण जाणे, पण माणसे मोटारसायकली काढून आली. एका तरुणाने फोटोसाठी एक पिल्लू उचलले. वनरक्षकाने ते त्याच्याकडून घेऊन बिळाच्या तोंडाशी ठेवले आणि लोकांना बांधापलीकडे घालवले. एकट्या माणसाने शे-दीडशे लोक मागे सारणे सोपे नसते. पोलीस पाटील आणि शेतकऱ्याचा थोरला भाऊ त्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणून ते जमले. अंधार पडला तरी नर-मादी आली नाहीत. शेवटची गाडी निघून गेल्यावर समोरच्या उंचवट्यावर एक मोठा लांडगा काही वेळ उभा असलेला दिसला.

दुसरीकडे एक किलोमीटरवर सांगोल्याकडून आलेल्या मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, होता. याच शेतकऱ्याने बागेला खत मिळावे म्हणून त्याच्या मेंढ्या रानात बसवल्या होत्या. दिवसा कळप चरायला जाई आणि लहान कोकरे वाघरीत (जाळीच्या कुंपणात), बायकामाणसांच्या राखणीला राहत. मागच्या पंधरवड्यात त्यातली तीन कोकरे गेली होती. चौथे या घटनेनंतर गेले. पहिल्या दोघांबद्दल त्याने कोणाकडेही तक्रार केली नव्हती. ‘त्याचा वाटा तो नेतोच, पर यंदा लई नेलं,’ एवढेच त्याचे म्हणणे होते.

तिसरा अडथळा कागदाचा होता. वनपरिक्षेत्र अधिकारी संध्याकाळी आले, तेव्हा शेतकऱ्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘साहेब, तुमचा लांडगा ऱ्हाईल, पण माझा सातबारा जाईल.’ लांडग्याने वीण घातल्याची नोंद झाली की हा गट अभयारण्यात ओढला जाईल, अशी त्याची खात्री होती. म्हणूनच पंचनाम्यावर सही करायला तो तयार नव्हता आणि रातोरात बीळ बुजवून मोकळे व्हावे, असे त्याला दोघा-तिघांनी सुचवलेही होते.

समोर असलेले पर्याय

ग्रामपंचायतीत त्याच रात्री बैठक झाली. सरपंच, पोलीस पाटील, शेतकरी, वन विभागाचे कर्मचारी आणि सोलापुरातून आलेले दोन वन्यजीव कार्यकर्ते तिला हजर होते.

गावातून सर्वांत आधी आलेली सूचना धूर करण्याची होती : बिळाच्या तोंडाशी काटक्या पेटवल्या की लांडगीण पिल्ले घेऊन आपोआप जाईल. ती लगेच फेटाळली गेली. मादी बाहेर असताना धूर केला तर पिल्ले आतच गुदमरतात, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचा असा मृत्यू म्हणजे किमान तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा, हे अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. बीळ बुजवण्याची भाषा त्यानंतर कोणी केली नाही.

पिल्ले उचलून बचाव केंद्रात नेण्याचा पर्याय अनेकांना दयाळूपणाचा वाटत होता. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागली असती; ती मिळवता आली असती. खरी अडचण त्यानंतरची होती. शिकार करणे, माणसापासून दूर राहणे हे लांडग्याची पिल्ले कळपाबरोबर शिकतात आणि माणसाच्या हातावर वाढलेले पिल्लू पुन्हा माळावर सोडणे जवळपास अशक्य होऊन बसते. म्हणजे पाच जीव वाचवल्याचे समाधान मिळून पाच लांडगे जन्मभर पिंजऱ्यात गेले असते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो तिसऱ्या पर्यायावर. दोन किलोमीटरवर अभयारण्याचा राखीव गवताळ तुकडा आहे, तेथे चराईवर नियंत्रण आहे, कुंपण आहे, मग पिल्ले तेथेच का ठेवू नयेत? हा प्रश्न रास्त होता आणि अधिकारी स्वतःही काही काळ त्या बाजूला झुकले होते. कार्यकर्त्यांनी त्यावर दोन मुद्दे मांडले. एका कळपाचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरवर पसरलेला असतो, तर नान्नज परिसरातील वनखंड त्या मानाने हातरुमालाएवढे; तेथे दुसऱ्या कळपाची हद्द असली तर ही पिल्ले मारलीही जाऊ शकतात. आणि मादीने कोठे जायचे हे माणसाने ठरवले, तर तिला ती जागा सापडेल आणि पटेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ‘वन्यप्राणी अभयारण्यात नेऊन ठेवा’ ही मागणी ठिकठिकाणी होते. अभयारण्याची हद्द ही नकाशावरची रेघ आहे. लांडगा त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना राहतो आणि दिवसातून कित्येकदा ती ओलांडतो.

उरला तो चौथा पर्याय : काम थांबवून वाट पाहणे. यात लांडग्याचे हित होते, पण सगळा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसत होता. मेंढी मेली तर शासन भरपाई देते, पीक खाल्ले तरी देते; पण लांडग्यासाठी थांबलेल्या यंत्राचे भाडे देण्यास कोणतेही लेखाशीर्ष नाही.

काय ठरले आणि कसे

कोंडी फुटली ती पहाटे नव्हे, तर दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यालयातून आणलेल्या एका जुन्या कागदामुळे. अधिकाऱ्यांनी अभयारण्याच्या सुधारित हद्दीची अधिसूचना आणि तिच्यासोबतची गट क्रमांकांची यादी शेतकऱ्याच्या ओसरीवर उलगडली. त्याचा गट यादीत नव्हता. बीळ सापडल्याने तो आपोआप यादीत जात नाही, त्यासाठी शासनाची स्वतंत्र प्रक्रिया लागते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि या घटनेमुळे जमिनीच्या वापरावर कोणतेही बंधन प्रस्तावित केलेले नाही, असे पंचनाम्यातच लिहून त्याची प्रत दिली. शेतकऱ्याच्या मुलाने यादी दोनदा वाचली, आजूबाजूचे गट ताडून पाहिले आणि मग सही झाली. आदल्या रात्री तीन तास कायद्यावर बोलून जे साधले नव्हते, ते या यादीने अर्ध्या तासात साधले.

तडजोड अशी झाली. ओढ्याकडच्या बाजूचे काम पंधरा दिवस बंद राहील. शेततळ्याची खोदाई पश्चिमेकडून, फक्त भर दुपारी होईल. रात्रीचे काम आणि दिवे पूर्ण बंद. पोकलेनच्या मालकाने थांबलेल्या तासांचे निम्मे भाडे सोडले. वनरक्षक आणि गावातले दोन तरुण बिळापाशी न बसता रस्त्याच्या फाट्यावर बसतील, कारण बिळाजवळचा पहारेकरी हाच लांडगिणीला सर्वांत मोठा अडथळा ठरला असता. फाट्यावर बसल्याने बघे तेथूनच परत जात. पिल्लू उचलणारा तरुण या दोघांपैकी एक होता, ही सरपंचांची निवड. ती चांगली ठरली.

कॅमेऱ्यावरून मतभेद झाला. एका कार्यकर्त्याला बिळाच्या तोंडाशी स्वयंचलित कॅमेरा हवा होता, म्हणजे किती पिल्ले केव्हा हलली याची नोंद राहिली असती. अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि बऱ्याच अंतरावरच्या पायवाटेवर एकच कॅमेरा लावला. यामुळे माहिती कमी मिळाली हे खरे. तरीही गर्दीने आधीच बिथरलेल्या मादीजवळ पुन्हा पुन्हा जाणे टाळले गेले, म्हणून हा नकार योग्यच होता असे आमचे मत आहे.

निष्पत्ती

पहिल्या रात्री उशिरा मादी बिळात गेल्याचे सकाळच्या पावलांवरून कळले. पुढचे काही दिवस ती तेथेच राहिली. मग संक्रांत आली. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली, अक्षता सोहळ्यापासून शोभेच्या दारूकामापर्यंत निम्मे गाव शहरात गेले आणि पोकलेनचा चालकही सुटीवर गेला. रान एकदम शांत झाले. याच काळात पायवाटेवरच्या कॅमेऱ्यात मादी तोंडात पिल्लू धरून जाताना दोनदा दिसली. किंक्रांतीनंतर वनरक्षक पाहायला गेला, तेव्हा बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे अखंड होते आणि खाली ताजे पाऊल एकही नव्हते.

पिल्ले वनखंडाकडे न जाता उलट्या दिशेच्या ज्वारीत गेली. उभी ज्वारी हा हिवाळ्यातला उत्तम आडोसा असतो. हुरडा संपेपर्यंत तेथे कोणाचे फारसे जाणे-येणेही नसते. काढणीला सुरुवात झाल्यावर मजूर बायकांना तीन पिल्ले पळताना दिसली. त्याआधी एक पिल्लू रस्त्याकडेला मेलेले सापडले होते. अंगावर कुत्र्यांच्या दातांच्या खुणा होत्या. पाचव्याचे काय झाले, याची नोंद नाही.

मेंढपाळाला चारपैकी दोनच कोकरांची भरपाई मिळाली. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी-बकरीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यापैकी कमी असेल ती रक्कम मिळते. त्यासाठी ४८ तासांत कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवायचे नसते. हा नियम बिबट्याने मारलेल्या गाईला चपखल बसतो. लांडगा मात्र कोकरू उचलूनच नेतो. जनावरच नाही, तर जागेवर ठेवायचे काय? ज्या दोन कोकरांची भरपाई मिळाली, त्यातले एक राखणीच्या कुत्र्यांनी सोडवलेले आणि नंतर मेलेले, तर दुसरे अर्धवट खाऊन टाकलेले होते. रक्कम खात्यात जमा होईपर्यंत वाडा पुढच्या तालुक्यात गेलेला होता.

शेततळे मार्चमध्ये पूर्ण झाले. पूर्वसंमतीच्या मुदतवाढीसाठी पंचनाम्याची प्रत जोडली गेली आणि ती मान्य झाली. ओढ्याचा काठ शेतकऱ्याने त्या वर्षी तसाच ठेवला; पुढच्या वर्षी लागवडीसाठी तो सपाट झाला. त्यास कायद्याची आडकाठी नव्हती आणि तसे वचनही कोणी मागितले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

मेंढपाळाला पहिल्या बैठकीला बोलावले नाही, ही या प्रकरणातील सर्वांत ठळक उणीव. ज्याचे प्रत्यक्ष नुकसान होत होते आणि लांडग्यांच्या हालचाली ज्याला सर्वांत आधी ठाऊक होत्या, तो गावचा मतदार नसल्याने कोणाच्या डोळ्यांसमोर आला नाही. बीळ ओढ्यात आहे, हे त्याला वेळ अमावस्येच्या आधीपासून माहीत होते. पोकलेन लागण्यापूर्वी त्याच्याशी एक बोलणे झाले असते, तर खोदाई पश्चिमेकडूनच सुरू करता आली असती आणि पुढचा बराचसा पेच निर्माणच झाला नसता. कोकरांसाठी वाघरीच्या आत लोखंडी जाळीचा बंद खुराडा त्या पंधरा दिवसांसाठी पुरवणेही शक्य होते. त्याचा खर्च एका कोकराच्या किमतीत भागतो.

गट क्रमांकांची यादी पहिल्या संध्याकाळीच जवळ असायला हवी होती. माळढोक अभयारण्याच्या आसपास काम करणाऱ्या प्रत्येक वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये ती असावी, कारण येथे कोणत्याही वन्यप्राण्याबद्दल बोलायला गेले की समोरचा माणूस आधी जमिनीबद्दलच विचारतो. पहिल्या रात्री बीळ बुजवले गेले नाही, ते शेतकऱ्याच्या समंजसपणामुळे. त्यात व्यवस्थेचा वाटा नव्हता.

मोकाट कुत्र्यांकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. पिल्ले ज्वारीत गेल्याचे कळल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पहारा उठला आणि त्यानंतरच एक पिल्लू कुत्र्यांना सापडले. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या जातात, त्यावर कुत्र्यांची टोळकी पोसली जातात, आणि हीच टोळकी कोकरांवरही पडतात. त्याचे खापर लांडग्यावर फुटते ते वेगळेच. रेबीज आणि डिस्टेंपर यांसारखे रोगही लांडग्यांपर्यंत कुत्र्यांमार्फत पोचू शकतात. ओढ्यात मेलेल्या कोंबड्या टाकणे ग्रामपंचायतीला एका ठरावाने बंद करता आले असते. तो विषय बैठकीच्या इतिवृत्तात आलेला नाही.

राहता राहिला थांबलेल्या यंत्राचा खर्च. पोकलेनच्या मालकाने सोडलेले निम्मे भाडे वजा जाता उरलेली रक्कम शेतकऱ्याने स्वतः भरली. कार्यकर्त्यांनी वर्गणी देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही. वन विभागाकडून मिळाली तर घेईन, असे त्याचे उत्तर होते. त्यासाठी त्याने अर्जही केला. अशा खर्चाची तरतूद नसल्याचे लेखी उत्तर त्याला मिळाले आहे.